मांजरीचे बाळंतपण आणि आपली काळजी

मुले परगावी गेली की अनेक घरांत मांजर हीच ज्येष्ठांची सोबत असते. तिचे दिवस भरत आले की आपला जीव खालीवर होतो. परंतु बहुतेक मांजरी स्वतःच सुखरूप वितात. आपण राखण करावी, लुडबूड करू नये.

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. शेवटच्या आठवड्यात शांत, उबदार कोपऱ्यात खोके ठेवून त्यात जुने सुती कापड अंथरावे. जवळ खुर्ची ठेवावी. जमिनीवर वाकून बसल्यास उठताना तोल जातो. दोन पिल्लांमध्ये अर्धा-एक तास जाणे स्वाभाविक आहे. मात्र २०-३० मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर न आल्यास, किंवा ताजे रक्त वाहत राहिल्यास पशुवैद्यांना तत्काळ कळवावे. अडकलेले पिल्लू ओढू नये.

वेणा सोसणारी मांजर लाडकी असली तरी चावू शकते. तिचे दात सुईसारखे असतात. जखम इवलीशी दिसते, पण जंतू खोलवर जातात. मधुमेहींनी विशेष जपावे. चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण रेबीजच्या लसीचा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही. ‘घरचीच तर आहे’ म्हणून कृपया थांबू नका.