श्रेणी, शाबासकी आणि मुलांची पोटदुखी

परीक्षा आली की पोट दुखते, सुट्टी लागली की थांबते. तपासणीत काही सापडत नाही, तरी हे सोंग नसते. भीतीने पोट खरोखर दुखते.

गडचिरोली-चंद्रपूरच्या अनेक मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया, शाळा मात्र मराठीत. अशा मुलाची ‘ड’ श्रेणी बऱ्याचदा बुद्धी नव्हे, भाषेची अडचण दाखवते. मूल मात्र तिचा अर्थ ‘मी ढ आहे’ असा घेते आणि वर्गात उत्तर देणेच सोडते.

शाबासकी द्यावी, पण कशाबद्दल? अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात ‘हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले अवघड कोडी न सुटल्यावर लवकर खचली; मेहनतीचे कौतुक झालेली टिकून राहिली. म्हणून ‘कालपेक्षा दोन ओळी जास्त वाचल्यास’ असे नेमके सांगा.

गुण घसरले आणि मूल थकत असेल, हातपाय दुखत असतील, तर रागावण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करा. आपल्या भागात सिकलसेल बराच आढळतो. फळा दिसतो का, तेही विचारा. झोपेतून उठवणारी पोटदुखी, ताप किंवा वजन घटणे असेल, तर परीक्षेची भीती समजून थांबू नका, लगेच दाखवा.