अँबियंट: हळू आवाजात ऐकायचं संगीत

हिवाळ्यात पंखा बंद होतो, खिडक्या लागतात आणि वर्षभर घरघरीखाली दबलेली घरातली शांतता ऐकू येऊ लागते. अँबियंट नावाचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला याहून चांगले दिवस नाहीत.

सुरुवात आजारपणात

जानेवारी १९७५. लंडनमध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांना टॅक्सीची धडक बसली. ते घरी पडून असताना एका मैत्रिणीने त्यांना हार्पवादनाची रेकॉर्ड आणून दिली. ती लावून आडवे झाल्यावर लक्षात आलं, की आवाज फारच कमी आहे आणि एका बाजूचा स्पीकर वाजतच नाही. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस होता आणि त्यातून हार्पचे मोजकेच सूर कानावर येत होते. खोलीतल्या उजेडासारखं संगीतही वातावरणात मिसळून जाऊ शकतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्याच वर्षी त्यांचा ‘डिस्क्रीट म्यूझिक’ हा अल्बम आला.

दोन टेपरेकॉर्डर

त्यातली मुख्य रचना सुमारे ३० मिनिटांची आहे. तिचा ऐवज मात्र सिंथेसायझरवरच्या दोन छोट्या सुरावटींचाच. पहिल्या रेकॉर्डरवर मुद्रित झालेली टेप सरकत दुसऱ्या रेकॉर्डरवर जाते, तिथे वाजते आणि तो आवाज परत पहिल्यावर मुद्रित होतो. दर फेरीला सूर थोडा पुसट होतो आणि नव्या सुरांच्या मागे जुने विरत राहतात.

नंतरच्या ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’मधल्या एका रचनेत गळ्यातून निघालेले लांब सूर टेपच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांवर फिरतात. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ २६, तर तिसरा जवळजवळ ३० सेकंदांनी. त्यांच्या फेऱ्या जुळत नाहीत. त्यामुळे सूर तेच असले तरी त्यांची गाठ दर वेळी निराळी पडते.

सूर्य न उगवणाऱ्या गावातून

नॉर्वेतलं ट्रोम्सो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. तिथले गाइर येन्सेन ‘बायोस्फियर’ या नावाने आधी ठेक्यावरचं टेक्नो करत. १९९७च्या ‘सब्स्ट्राटा’मध्ये त्यांनी तो ठेका जवळजवळ सोडूनच दिला. उरले ते संथ सूर आणि त्यांत मिसळलेले बाहेरच्या जगाचे आवाज. हिवाळ्यासाठी एकच अल्बम निवडायचा असेल, तर मी हाच निवडेन.

ऐकायचं कसं?

शक्यतो स्पीकरवर ऐका. हेडफोनने घर बाहेर राहतं आणि या संगीताला तर घर हवं असतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. पुढे काय येणार याची वाट पाहू नका. तंबोऱ्याच्या नादात नुसतं बसून राहणं आपल्या कानांना ठाऊक आहे. इथेही तसंच बसायचं. मग स्वयंपाकघरात ठेवलेल्या भांड्याचा आवाजही त्या संगीतात सामावून जातो.