तुमची शाळा कोणती?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. रात्री जेवण उरकून मी सोप्यात सुपारी कातरीत बसलो होतो, तोच विलायतेहून नातीचा फोन आला. पोरगी मोठ्या शिष्यवृत्तीवर तिकडच्या एका जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात गेली आहे. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले होते. अजून महिनाही झाला नव्हता आणि पोरीचा आवाज उतरलेला.

"आजोबा, इथं सगळे पहिल्यांदा एकच विचारतात. तुझी शाळा कोणती?"

"मग सांग की! बावड्याची शाळा म्हणावं."

"तसं नाही हो. शाळेच्या नावावरून ते ओळखतात."

"काय ओळखतात?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माणूस कुठल्या पायरीवरचा, ते."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. जेवायला बसले की ताटाच्या दोन्ही बाजूंना काट्या-सुऱ्यांची रांग. आधी कोणी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायची, तोवर सगळ्यांनी काळे झगे घालून उभे राहायचे. शेजारची मुले एकमेकांना शाळेपासून ओळखणारी. सुट्टीत बर्फावर घसरायला कुठल्या डोंगरात जायचे, याच्या त्यांच्या गप्पा. "आणि आजोबा, त्यांचा विनोद मला कळेपर्यंत सगळ्यांचं हसून झालेलं असतं. मी आपली मागून एकटीच हसते."

"आणि अभ्यास?"

"अभ्यासाची भीती नाही हो. अभ्यास येतो. जेवायची भीती वाटते."

वाचकहो, अभ्यासात कधी मागे न हटलेली मुलगी जेवणाला भिते, हे ऐकून मला हसू आले नाही. का आले नाही, ते पुढे सांगणार आहे. पण आधी ही विद्यापीठे कशी असतात, ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही त्यातली थोरली दोन. आमची नात कोणत्या विद्यापीठात आहे, ते मी मुद्दामच सांगत नाही. दोन्हीकडची रीत बहुतेक सारखी. तिथे विद्यापीठ म्हणजे एक इमारत नव्हे. तीसांहून अधिक कॉलेजे मिळून विद्यापीठ होते आणि प्रत्येक कॉलेजाचा संसार वेगळा. स्वतःचे आवार, ग्रंथालय, बहुतेक ठिकाणी स्वतःचे प्रार्थनामंदिर आणि भोजनाचा मोठा दिवाणखाना. परीक्षा आणि पदव्या विद्यापीठाच्या; पण राहणे, जेवणे आणि आठवड्याची शिकवणी कॉलेजाची. ही शिकवणीही अशी की, एका शिक्षकापुढे दोन-तीन विद्यार्थी, कधी कधी एकच. मागच्या बाकावर तोंड लपवून बसायची सोय नाही. आपल्याकडे मुलगा कॉलेजात जातो, तिकडे तो कॉलेजात राहतो, हाच मोठा फरक. त्यामुळे तिथे नुसते पुस्तक येऊन भागत नाही, पंगतीत बसता यावे लागते.

आणि पंगत म्हटली की पंक्तिप्रपंच आलाच. तो काही आपल्याच देशाचा मक्ता नाही. दिवाणखान्याच्या एका टोकाला उंचवट्यावर अध्यापकांचे आडवे मेज असते आणि खाली विद्यार्थ्यांची लांबलचक मेजे. पूर्वी तर विद्यार्थ्यांतसुद्धा उघड पायऱ्या असत. सरदार-उमरावांच्या मुलांच्या टोपीला सोनेरी गोंडा असे. गरिबाचा मुलगा फी भरू शकत नसे, म्हणून त्याने इतरांच्या खोलीतली चाकरी करायची, मेजावर वाढायचे आणि मग आपण जेवायचे. केंब्रिजमध्ये अशा मुलांना 'सायझर' म्हणत. १६६१ साली ट्रिनिटी कॉलेजात असाच एक मुलगा आला, तो सायझरच्याही खालच्या पायरीवर. त्याचे नाव आयझॅक न्यूटन!

ऑक्सफर्डला १७२८ साली सॅम्युएल जॉन्सन आला. इंग्रजी भाषेचा थोर कोश पुढे याच माणसाने रचला. समोरच्या कॉलेजातल्या मित्राकडे तो व्याख्यानांची माहिती घ्यायला जाई. फाटक्या जोड्यांतून आपली बोटे दिसतात आणि ते तिथल्या मुलांच्या ध्यानात आले आहे, हे कळल्यावर त्याने जाणेच सोडले. कोणा दयाळू माणसाने त्याच्या दाराशी नवे जोडे आणून ठेवले, तर ते त्याने संतापून फेकून दिले. पुढे पैशाअभावी पदवी न घेताच त्याला घरी परतावे लागले.

आता ते गोंडेही गेले आणि चाकरीही गेली. ऑक्सफर्डमध्ये आज काही विद्यार्थ्यांचा झगा इतरांहून लांब दिसतो, पण तो अभ्यासात चमकल्याबद्दल मिळालेला असतो. कायद्याने सारे एका पायरीवर आले. मात्र डोळ्यांची सवय कायद्याइतक्या लवकर बदलत नाही. पूर्वी गोंडा बघत, आता शाळा विचारतात.

फोनवर त्या रात्री मी नातीला यातले काहीच सांगितले नाही. मला माझीच एक गोष्ट आठवली होती. साठ वर्षांत ती मी कोणाला सांगितली नव्हती. त्या रात्री तिला सांगितली. आज तुम्हालाही सांगतो.

१९६३ साली मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात नाव घातले. बावडा तेव्हा शहराबाहेरचे गाव होते. उसाची शेते, गुऱ्हाळे, पंचगंगेचा काठ आणि घरटी म्हशी. आमच्या दावणीला तीन होत्या. त्या वेळी कोल्हापुरात दूध घरी पोचवण्याची तऱ्हा निराळी होती. म्हैसच गिऱ्हाइकाच्या दारात न्यायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. पाण्याचा संशय नको! माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, पहाटे अंधारात म्हशी घेऊन निघत. पेठांत त्यांचे रतीब होते.

मी मात्र कॉलेजात बावड्याचे नाव काढीत नसे. कोणी विचारलेच तर 'नदीकडच्या बाजूला राहतो' म्हणायचा. आमची बोली तोंडात येऊ नये म्हणून बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा घोळवून घ्यायचा. 'हुतं' न म्हणता 'होतं' म्हणायचे, 'न्हाई' न म्हणता 'नाही' म्हणायचे. एवढ्या कसरतीत वर्गातले अर्धे बोलणे माझ्या हातून निसटून जाई. माझ्या वर्गात एका वकिलांचा मुलगा होता. मनाचा चांगला. गणितात मी बरा, म्हणून त्याने मला एका सकाळी अभ्यासाला घरी बोलावले. आणखी दोघे-तिघे होते. आम्ही माडीवर बसलो. थोड्या वेळाने खालून त्याच्या आईची हाक आली, "अरे, दूध आलंय. चहा टाकते. कुणीतरी चरवी घेऊन दारात जा." मी जिन्याजवळ बसलो होतो. चरवी माझ्याच हाती आली.

मी दार उघडले. दारात आमची म्हैस उभी होती, आणि तिच्या कासेखाली कासंडी धरून आबा बसले होते.

त्यांनी मान वर केली. मला पाहिले. माझ्या मागे जिन्यावर उतरत आलेले मित्र पाहिले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. 'आबा' एवढे दोन अक्षरी नाव, पण ते जिभेवर आले नाही. आबांनी क्षणभरच पाहिले असेल. मग ते उठले, माप भरून चरवीत दूध ओतले, वर आणखी थोडे ओतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईसाह्यबास्नी सांगा, आज पावशेर जादा घातलंय."

'सांगा' म्हणाले. जन्मात कधी मला 'अहो-जाहो' न केलेला माझा बाप मला परक्याच्या घरातला मुलगा समजून बोलला. मी ओळख दाखवणार नाही हे त्यांनी ओळखले आणि मला लाज वाटू नये म्हणून आपणच ओळख पुसली. मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून ते पुढच्या घराकडे गेले. मी माडीवर जाऊन चहा प्यालो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आबा वैरण टाकीत होते. मला वाटले, आता चार शब्द ऐकावे लागणार. ते एवढेच म्हणाले, "चहा झ्याक झाला हुता काय रं?"

आबा १९८१ साली गेले. मधल्या अठरा वर्षांत त्या सकाळीबद्दल ना त्यांनी तोंड उघडले, ना मी. माफी मागायची राहून गेली.

हे सांगून झाले तेव्हा फोनवर पलीकडे शांतता होती. मग पोरगी म्हणाली, "आजोबा, मी झोपते आता." मला वाटले, आपण उगीच तिचा जीव आणखी जड केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरत फिरत लक्ष्मी-विलास राजवाड्याकडे गेलो. आमच्या बावड्याचे हे भूषण. २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म इथेच झाला. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. तेव्हा केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एल्‌एल्. डी. ही सन्मानाची पदवी दिली. आणि त्याच वर्षी २६ जुलैला करवीर संस्थानात हुकूम निघाला की, सरकारी नोकऱ्यांतल्या शंभरातल्या पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखाव्या.

त्या ओट्याशी उभा राहून मी विचार करीत होतो. नोकऱ्यांचा हुकूम १९०२ चा, पण त्याच्या आधी, १९०१ साली, महाराजांनी बोर्डिंगे सुरू केली होती. खेड्यातल्या पोराला फी माफ केली, तरी शहरात तो राहणार कुठे आणि कोणाच्या पंगतीला बसणार, हे त्यांनी ओळखले होते. सर्वांसाठी म्हणून एक वसतिगृह आधी काढून पाहिले, पण तिथे पुढारलेल्या समाजाच्याच मुलांचा भरणा झाला. म्हणून मग १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुसलमान, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. जातवार बोर्डिंगे काढली म्हणून त्यांना पुष्कळ बोल लावले गेले. पण दिवसभर वर्गात परके होऊन बसलेल्या पोराला संध्याकाळी आपल्या बोलीत बोलता येईल, मांडी घालून भाकरी कुस्करता येईल अशी जागा लागते, हे त्या राजाला कळत होते. पाय टेकायला जागा मिळाली की माणूस उडी मारतो.

कोल्हापुरातच शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मंत्र. मुलांनी स्वतः राबायचे, स्वतः रांधायचे. आता बघा, काम न्यूटननेही केले आणि भाऊरावांच्या मुलांनीही केले. पण न्यूटनच्या कॉलेजात काही जण वाढणारे होते आणि काही जण जेवणारे. भाऊरावांकडे जो वाढी तोच जेवी. कामाची लाज कामात नसते. एकाने करायचे आणि दुसऱ्याने बघायचे, यात ती असते.

माझ्या त्या सकाळी मला हे सांगणारे कोणी नव्हते. दूध काढणारा आणि चहा पिणारा ही दोन वेगळी माणसे आहेत, असे मी धरून चाललो होतो. खरे तर मी दोन्ही होतो. चरवीतले दूध आमचेच होते.

आज आपली पुष्कळ मुले परगावी, परमुलखी शिकायला जातात. त्यांना पैसे द्या, कपडे द्या, काटा-सुरी धरायलाही शिकवा, त्यात वावगे काही नाही. पण आपल्या घराची गोष्टही लाज न धरता सांगून पाठवा. चांगल्या गोष्टी सांगाच, पण जिथे आपण चुकलो तीही सांगा. ती शिदोरी लवकर संपत नाही.

नातीचा फोन पुन्हा आला तो थंडी पडल्यावर. आवाज खुलला होता. मी काही विचारायच्या आधीच तिने सांगायला सुरुवात केली.

"आजोबा, काल जेवताना समोरच्या मुलानं विचारलं, शाळा कोणती? मी म्हटलं, कसबा बावडा. त्याला ते नाव माहीतच नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. माझे पणजोबा म्हैस घेऊन लोकांच्या दारात जायचे आणि तिथंच धार काढून द्यायचे म्हणून."

माझा श्वास अडकला. "मग? काय म्हणाला तो?"

"त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, वरच्या मजल्यावरच्या लोकांसाठी म्हैस जिना चढायची का?"

"आणि तू?"

"मी हसले की! ह्या खेपेला सगळ्यांच्या आधी."