विश्लेषण : वकिलांना ‘एआय’ हवे, पण कसले?

करारनामे वाचणारी, निवाडे शोधणारी, नोटिशीचा मसुदा लिहून देणारी सॉफ्टवेअर विकण्यासाठी कंपन्या लॉ फर्मचे उंबरठे झिजवत आहेत. वेळ वाचेल, हे सगळेच सांगतात. वकिलांचे प्रश्न मात्र वेगळे आहेत.

सुरुवात कुठून झाली?

लोअर परळमधील पेनिन्सुला कॉर्पोरेट पार्कमध्ये मुख्यालय असलेल्या सिरिल अमरचंद मंगलदास या फर्मने २०१७ मध्ये ‘किरा’ ही कॅनडातील प्रणाली घेतली. एखादी कंपनी विकत घेताना तिचे शेकडो करार तपासावे लागतात. त्यांतील नेमकी कलमे शोधून देणे हे किराचे काम. २०१९ मध्ये याच फर्मने विधि-तंत्रज्ञानातील नवउद्यमींसाठी ‘प्रारंभ’ हा उपक्रम सुरू केला. तेव्हाचे सॉफ्टवेअर शोधून देत असे, आताचे स्वत: लिहिते. अडचण तिथेच आहे.

‘आधार दाखवा’ हा आग्रह का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीचा प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्रणेने दिलेली उत्तरे पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले खटले न्यायालयात सादर झाले, तेव्हा संबंधित वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलरचा दंड झाला होता.

भाषा-प्रारूप पुढचा संभाव्य शब्द ठरवत जाते. पक्षकारांची नावे, वर्ष, पृष्ठ क्रमांक असा निवाड्याच्या संदर्भाचा साचा ठरलेला असल्याने खोटा संदर्भही हुबेहूब खरा वाटतो. म्हणून प्रत्येक विधानाखाली मूळ निकालपत्राचा परिच्छेद उघडला पाहिजे आणि तो निर्णय पुढे फिरवला गेला का, हेही कळले पाहिजे. सापडले नाही तर ‘सापडले नाही’ असे सांगणारे सॉफ्टवेअर वकिलाला जास्त उपयोगी.

अशिलाची गुपिते कुठे जातात?

अशिलाने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करायची नाही, हे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार विदा हाताळण्याचे काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी टळत नाही आणि सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे सर्व्हर कुठे आहे, आमच्या फायलींवर तुमचे प्रारूप शिकणार का, करार संपल्यावर सगळे पुसणार का, याची लेखी उत्तरे हवी असतात.

मराठी कागदांचे काय?

विक्रेत्यांची खरी परीक्षा इथे आहे. लालबाग किंवा गिरगावातील पागडीच्या चाळीचा पुनर्विकास घ्या. जागेच्या मालकीचा किमान तीस वर्षांचा शोध, मिळकत पत्रिका, इंडेक्स टू, शिवाय प्रत्येक भाडेकरूची कागदपत्रे. भाडेपावती अनेकदा आजोबांच्याच नावावर, हाताने लिहिलेली, घडीवर फाटलेली. आडनावातले एक अक्षर चुकीचे वाचले गेले, तर वारस भाडेकरूंच्या यादीतून बाहेर आणि पुढे लघुवाद न्यायालयाची पायरी.

टंकलिखित कागदही सोपे नाहीत. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की स्क्रीनवर नुसता कचरा उमटतो. जुना दस्त मोडीत असेल तर मोडी वाचणारा माणूसच शोधावा लागतो. इंग्रजी करारावर झकास चालणारे प्रात्यक्षिक म्हणूनच पुरेसे नाही.

किमतीचे काय?

शुल्क बहुधा दर वापरकर्त्यामागे असते. मोठ्या फर्मला ते पेलते, दोन ज्युनियर असलेल्या वकिलाला जड जाते. त्यात गंमत अशी, की तासावर फी घेणाऱ्या फर्मला वाचलेला वेळ म्हणजे घटलेले बिलही असते! खरेदीपूर्वी फर्मने करण्याजोगी साधी चाचणी म्हणजे निकाली निघालेली एक जुनी फाइल नावे खोडून विक्रेत्याला देणे, हस्तलिखित पावत्यांसकट. त्यातल्या चुका फर्मला आधीच ठाऊक असतात.