अडुळशाच्या पानातले औषध

अडुळसा हे माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे उंच वाढणारे सदाहरित झुडूप. शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरसारख्या अवर्षणाची सवय असलेल्या गावांतही ते फारशी निगा न मागता तग धरते. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला सोयीचे. पाने लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. वाळली की चहासारखा वास येतो, चव मात्र जहाल कडू.

औषधी गुण मुख्यतः व्हॅसिसिन या अल्कलॉइडमध्ये आहे. वाळलेल्या पानांत ते साधारण अर्धा ते दोन टक्के असते. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातल्या काहीचे व्हॅसिसिनोन होते आणि ते आवळलेल्या श्वासनलिका सैल करते. व्हॅसिसिनच्या रेणूवरूनच ब्रोमहेक्सिन आणि पुढे अँब्रॉक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे घडवली गेली. मेडिकलमधल्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावे दिसतात.

पानांत क्वेर्सेटिन, केम्फेरॉल यांसारखी फ्लेव्होनॉइडे, इतर फिनॉलिक द्रव्ये आणि क जीवनसत्त्वही असते. अँटिऑक्सिडंट गुण यांच्याकडून येतो. तो मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे डीपीपीएच चाचणी. या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात पानांचा अर्क टाकला की रंग फिका पडत पिवळट होतो. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात ही घट मोजतात. पण परीक्षानळीतला रंग उतरला म्हणजे माणसाच्या शरीरातही तेच घडले, असे होत नाही. पचन, शोषण, यकृताची प्रक्रिया हे सारे टप्पे मध्ये असतात. जाहिराती नेमक्या ते गाळतात.

ताजी पाने नुसती कुटून रस फारसा सुटत नाही. म्हणून आयुर्वेदात पुटपाकाची, म्हणजे पाने गुंडाळून, मातीने लिंपून भाजण्याची कृती आहे, आणि घरोघरी पाने वाफवून पिळतात. रसात मध घालतात. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, हे इथे विसरले जाते.

आता सुरक्षितता. जास्त मात्रेने मळमळ, उलटी, जुलाब होतात. त्याहून गंभीर बाब गर्भाशयाची. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील अभ्यासांत व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते असे दिसले. म्हणजे कफावर कामी येणारे द्रव्यच गर्भाला धोक्याचे. गरोदर स्त्रीने अडुळशाचा काढा, रस किंवा सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘झाडपाल्याचे औषध, अपाय कसला’ हा समज येथे महागात पडू शकतो.

अडुळशाने क्षयरोग बरा होत नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीतून रक्त आले किंवा वजन घटू लागले, तर काढा बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.