परदेशी कर्मचारी, नियोजित शस्त्रक्रिया आणि स्थानिक खासगी आरोग्य विमा : आळंदी-चाकण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

श्रीज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे महाराष्ट्रभर परिचित असलेली आळंदी आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण या दोन औद्योगिक क्षेत्रांच्या मध्ये वसलेली आहे. २००९ मध्ये चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला व मर्सिडीज-बेंझनेही त्याच वर्षी तेथे उत्पादन सुरू केले. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई मोटर इंडियाने २०२३ मध्ये केला. अशा उद्योगांबरोबर जर्मन, कोरियन, जपानी तंत्रज्ञ व व्यवस्थापक सहकुटुंब येथे येतात. परिसरातील महाविद्यालयांचाही परदेशी अध्यापक व विद्यार्थी यांच्याशी संबंध येतो. मोतीबिंदू, अंतर्गळ (हर्निया), पित्ताशयातील खडे किंवा गुडघ्याचे सांधेरोपण यांसारखी शस्त्रक्रिया येथेच करून घ्यावयाची असेल, तर त्यासाठी भारतीय विमा कंपनीची पॉलिसी घेणे आवश्यक आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियोजित शस्त्रक्रिया म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रिया नव्हे. जी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असते, परंतु जिची तारीख रुग्ण व डॉक्टर सोयीने ठरवू शकतात, ती नियोजित होय. विम्याचे सारे गणित मात्र अनिश्चिततेवर उभे असते. ज्या खर्चाची तारीख विमेदाराला आधीच ठाऊक आहे, तो खर्च विमा कंपनी सहजासहजी स्वीकारत नाही.

सार्वजनिक योजनांची मर्यादा

कर्मचारी राज्य विमा योजनेची मासिक २१,००० रुपयांची वेतनमर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. परदेशी तज्ज्ञांचे वेतन त्याहून बरेच अधिक असल्याने ते या योजनेबाहेर राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२३ च्या शासन निर्णयाने वाढली व संरक्षण प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत गेले. तथापि ती शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र यांवर आधारलेली असून अल्पकाळ राहणाऱ्या परदेशी कुटुंबाला तिचा उपयोग होत नाही. भारताने दक्षिण कोरिया (२०११ पासून लागू), जपान (२०१६) व जर्मनी (२०१७) यांच्याशी केलेले सामाजिक सुरक्षा करार मुख्यतः निवृत्तिवेतन व वर्गणी यांच्याशी निगडित आहेत. त्यांतून येथील रुग्णालयाचे बिल भागत नाही.

मायदेशातील विमा

जर्मनीच्या सामाजिक संहितेच्या पाचव्या ग्रंथातील कलम १७ नुसार, सार्वजनिक आरोग्य विम्याचा सदस्य परदेशी नोकरीच्या काळात आजारी पडल्यास उपचाराची जबाबदारी प्रथम नियोक्त्यावर येते. मग विमा निधी नियोक्त्याला जर्मनीतील खर्चाच्या मर्यादेपर्यंत भरपाई देतो. जपानी आरोग्य विम्यात परदेशातील खर्चाचा परतावा जपानमधील दराने काढला जातो. उपचारासाठीच परदेशी गेल्यास तो मिळत नाही. कोरियाच्या राष्ट्रीय विम्याचे लाभ सदस्य परदेशात असेपर्यंत स्थगित राहतात. म्हणजेच ‘मायदेशी विमा आहे’ एवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही. प्रवास विमा तर आकस्मिक आजारासाठी असतो. आधी ठरवलेली शस्त्रक्रिया त्यात सामान्यतः वगळलेली असते.

भारतीय पॉलिसी व प्रतीक्षा कालावधी

भारतीय वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून अन्य आजारांसाठी पहिले ३० दिवस संरक्षण नसते. मोतीबिंदू, अंतर्गळ, पित्ताशयातील खडे अशा नामनिर्दिष्ट आजारांसाठी बहुधा २४ महिने थांबावे लागते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये पूर्वविद्यमान आजारांच्या प्रतीक्षेची कमाल मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली. नामनिर्दिष्ट आजारांनाही हीच ३६ महिन्यांची कमाल मर्यादा आहे.

समजा, एखादा अभियंता ३० महिन्यांसाठी चाकणला आला व पहिल्याच महिन्यात त्याने पॉलिसी घेतली. मोतीबिंदूसाठी २४ महिने थांबल्यावर त्याच्या हाती जेमतेम ६ महिने उरतात. सांधेरोपणाची प्रतीक्षा ३६ महिन्यांची असल्यास पॉलिसी फलद्रूप होण्यापूर्वीच तो मायदेशी परततो. हप्ता मात्र पूर्ण भरला जातो. शिवाय रक्कम मिळाली तरी तिला मर्यादा असतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तीच मिळते. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया आणि ७.५ डायॉप्टरहून कमी दृष्टिदोषावरील शस्त्रक्रिया प्रमाणित अपवादांत मोडतात.

प्रतीक्षा टाळण्यासाठी आजार लपवणे हा धोक्याचा मार्ग आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला माहिती दडवल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही. परंतु सिद्ध झालेली फसवणूक त्यातही अपवाद आहे. अल्पकालीन नियुक्तीत तो ६० महिन्यांचा टप्पा गाठताच येत नाही.

समूह विम्याचे महत्त्व

नियोक्त्याच्या समूह विम्यात प्रतीक्षा कालावधी पुष्कळदा माफ केलेला असतो. म्हणून परदेशी कर्मचाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक कागद नवी वैयक्तिक पॉलिसी नसून कंपनीच्या समूह विम्याचा करार होय. त्यात प्रतीक्षा माफ आहे का, जोडीदार व मुले समाविष्ट आहेत का, खोलीभाड्याची मर्यादा किती, आणि पिंपरी-चिंचवड वा पुण्यातील इच्छित रुग्णालय कॅशलेस यादीत आहे का, हे चार मुद्दे शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी लेखी तपासावेत. नियोजित उपचारात वेळ हाताशी असल्याने कॅशलेसची पूर्वमंजुरी आधीच मागता येते. आकस्मिक प्रसंगी ती सवड नसते.

निष्कर्ष

केवळ एका ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी स्थानिक वैयक्तिक विमा घेणे अल्पकालीन रहिवाशाला बहुधा लाभदायक नाही. समूह विमा असल्यास त्यातून, नसल्यास रुग्णालयाकडून एकत्रित खर्चाचे लेखी अंदाजपत्रक घेऊन स्वखर्चाने, अथवा रजेत मायदेशी जाऊन ती करून घेणे अधिक व्यवहार्य ठरते. याचा अर्थ विमाच नको असा नाही. चाकण-आळंदी रस्त्यावरील अपघात किंवा अचानक आलेला हृदयविकार तारीख विचारून येत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण हवेच. तीन वर्षांहून अधिक राहण्याचा मानस असणाऱ्याने मात्र निरोगी असतानाच पॉलिसी घ्यावी. परदेशी अध्यापकाला निमंत्रण देणाऱ्या महाविद्यालयानेही नियुक्तिपत्रातच समूह विम्याची तरतूद व प्रतीक्षेची अट स्पष्ट लिहावी.