एकाच लोखंडाच्या दोन तऱ्हा

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, तरी शेतातले पीक नत्रासाठी उपाशी. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून बसतात की वनस्पतीला त्यांचा काही उपयोग होत नाही. हा बंध कारखान्यात तुटतो आणि कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतही तुटतो. दोन्हीकडे कामाला असते लोखंडच.

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरूहे येथे नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, तो ऑस्मियम हा उत्प्रेरक वापरून. हा धातू अतिशय दुर्मिळ. मग बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो चाचण्या घेतल्या. स्वीडनच्या मॅग्नेटाइट खनिजाचा नमुना चांगला निघाला, त्यावरून शुद्ध लोखंडापेक्षा अॅल्युमिना आणि पोटॅश मिसळलेले लोखंड सरस ठरते हे कळले. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. अलिबागजवळच्या थळ इथल्या कारखान्यात युरियासाठी लागणारा अमोनियाही नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगातूनच येतो.

लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचे दोन अणू आधी वेगळे होतात, मग त्यांना हायड्रोजन चिकटत जातो. पहिली पायरी सर्वांत अवघड. ती वेगाने पार पडावी म्हणून तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या वर न्यावे लागते. पण तापमान वाढले की अमोनिया पुन्हा मोडू लागतो. तो तोटा भरून काढायला हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब द्यावा लागतो.

गाठीतला रायझोबियम हा जिवाणू हेच काम मातीच्या तापमानात, साध्या दाबाखाली करतो. त्याच्या नायट्रोजनेज या विकराच्या गाभ्यात लोखंडाचे ७ अणू, मॉलिब्डेनमचा १, गंधकाचे ९ आणि मधोमध कार्बनचा एक अणू असतो. हा कार्बन आहे, हे २०११ मध्ये पक्के झाले. इथे बंध एका झटक्यात तोडला जात नाही. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकामागून एक देत तो सैल केला जातो.

निसर्ग हे फुकटात करतो, असे म्हणणे मला पटत नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीचे निदान १६ रेणू खर्ची पडतात आणि त्यासाठी लागणारी साखर तूर किंवा हरभरा जिवाणूला पुरवत असतो. शिवाय ऑक्सिजन लागला की विकर कायमचे निकामी होते. म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन बनवते. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि श्वसनापुरताच सोडते. त्याच्यामुळेच चांगली गाठ कापल्यावर आतून गुलाबी-लाल दिसते. पांढरी किंवा हिरवी निघाली, तर तिथे नत्र बांधले जात नाही.

मॉलिब्डेनम तर फारच थोडे लागते. पण आम्लधर्मी जमिनीत तेही मुळांना मिळेनासे होते. अशा ठिकाणी गाठी दिसतात, पण पाने पिवळी पडतात. तिथे नुसते रायझोबियम लावून भागत नाही. पेरणीआधी बियाण्याला अमोनियम मॉलिब्डेटची अल्प मात्राही लावावी लागते.